पहाटेच्या दूध संकलनाला कुठलं फ्रेमवर्क टिकलं: रिॲक्ट, स्वेल्ट, व्ह्यू आणि एचटीएमएक्स वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावड्याच्या बाजूला एका गावात दूध संस्था आहे, तिथं पहाटे साडेपाचला संकलन सुरू होतंय आणि सातला गाडी येऊन कॅन उचलते. म्हणजे दीड तासात शंभरेक सभासदांचं दूध मापायचं, फॅट काढायची, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) बघायचं, पावती हातात द्यायची. मापावर बसलेल्या माणसाकडं २ जीबी रॅमचा जुना अँड्रॉइड फोन. पावसाळ्यात बोटं ओली, लाईट गेलेली, नेट असलं तर असलं. मी जे काय लिहितोय ते सगळं त्या फोनच्या हिशेबानं लिहितोय, राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसातल्या लॅपटॉपच्या नाही, कारण लॅपटॉपवर सगळीच फ्रेमवर्क, म्हणजे वेब ॲप बांधायचे तयार सांगाडे, भारी वाटतात.

आम्ही तिघं मिळून छोट्या धंद्यांची वेब ॲप्स करतो. ही दूध संस्था, उद्यमनगरातली एक फौंड्री, चप्पल लाईनला असलेलं एक दुकान. तीन कामांत चार हत्यारं वापरून झाली, आता कुणीतरी विचारतंय की कुठलं घ्यावं, तेव्हा प्रत्येक वेळी फोनवर अर्धा तास बोलण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतो.

दूध संस्थेचं पहिलं व्हर्जन रिॲक्टमध्ये केलं, कारण तिघांनाही तेच येत होतं. फेसबुकनं २०१३ च्या मे महिन्यात ते ओपन सोर्स केलं, २०१९ मध्ये हुक्स (बदलता डेटा सांभाळायची सोपी पद्धत) आले आणि तेव्हापासून शिकायला पण सोपं झालं. पण आम्ही त्याच्यावर तयार ग्रीड (डेटाचा तक्ता) घेतला, तयार यूआय किट (बटणं-फॉर्मचा संच) घेतलं, तारखांची लायब्ररी घेतली, चार्टची घेतली, आणि गावात गेल्यावर ॲप उघडायलाच एवढा वेळ लागायला लागला की मापासमोर रांग थांबली आणि सेक्रेटरींनी शांतपणे वही काढली. ती वही बघून मला फार वाईट वाटलं. परत येऊन मोजलं तर रिॲक्ट आणि रिॲक्ट-डॉम (त्याचा ब्राउझरच्या पानाला जोडणारा भाग) मिळून कॉम्प्रेस करून ५० केबीच्या आसपासच होतं, बाकीचं सगळं वजन आम्ही वर रचलेलं. म्हणजे दोष रिॲक्टचा नव्हता, निवड आमची चुकली. एक गोष्ट मात्र तेव्हा पक्की कळली, १०० केबीचा फोटो आणि १०० केबीचं जावास्क्रिप्ट हे सारखं नाही. फोटो नुसता उतरवून दाखवायचा असतोय, जावास्क्रिप्ट उतरवून वाचायचं, कंपाईल करायचं, मग चालवायचं, आणि हे सगळं त्या स्वस्त फोनच्या प्रोसेसरवर.

दुसरं व्हर्जन स्वेल्टमध्ये केलं आणि तेच आज चालतंय. स्वेल्ट रिच हॅरिसनं २०१६ ला आणलं, त्याची मूळ कल्पना अशी की फ्रेमवर्कचं बरंचसं काम ब्राउझरमध्ये करायचंच नाही, आपण बिल्ड करतानाच, म्हणजे ॲपच्या फायली आपल्या कॉम्प्युटरवर तयार करतानाच, ते कंपायलरनं (कोडचं रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमनं) करून टाकायचं. रिॲक्ट पडद्याचं एक आभासी चित्र मेमरीत ठेवतंय, बदल झाला की नवं चित्र काढून जुन्याशी ताडून बघतंय आणि मग फरक तेवढा पडद्यावर लावतंय. स्वेल्टला आधीच माहीत असतंय की लिटर बदलले तर नेमका कुठला आकडा बदलायचा. आमच्या कामाला हे फिट्ट बसलं. फॅट आणि एसएनएफ टाकलं की दरपत्रकातून दर यायला पाहिजे, म्हशीचा पाया ६.० फॅट आणि ९.० एसएनएफचा, गायीचा ३.५ आणि ८.५ चा, त्याच्या वरखाली दर सरकतोय, मग लिटर गुणिले दर, मग दहा दिवसांच्या बिलात त्याची बेरीज. स्वेल्ट ५ मध्ये, म्हणजे ऑक्टोबर २०२४ पासून, रून्स (कुठली किंमत बदलती आहे हे कोडमध्ये सांगायच्या खुणा) आलेत, त्यातल्या स्टेट आणि डिराईव्ह्ड या दोघांवर हा सगळा हिशेब उभा आहे. लिटर हे स्टेट, म्हणजे आपण टाकलेलं, रक्कम ही डिराईव्ह्ड, म्हणजे त्यातनं आपोआप निघणारी, संपलं. दोन महिन्यांनी कोड उघडला तरी वाचून लगेच कळतंय, आणि माझ्यासाठी ही लई मोठी गोष्ट आहे कारण दरपत्रक बदललं की फोन मलाच येतोय.

त्याच जुन्या फोनवर ॲप आता टच केल्या केल्या उघडतंय. नाद खुळा!

स्वेल्टची अडचण पण सांगतो. माणसं मिळत नाहीत. आमच्याकडं मुलाखतीला येणारी जवळजवळ सगळी पोरं रिॲक्ट शिकून आलेली असतात, स्वेल्टचं नाव ऐकलेलं असतंय पण हात लावलेला नसतोय. शिकायला वेळ लागत नाही हे खरं, पण पहिला महिना आपल्याला शेजारी बसायला लागतंय. शिवाय चौथ्या व्हर्जनमधनं पाचव्यात येताना लिहायची पद्धतच बदलली, जुनी पद्धत चालते अजून, पण नेटवर उत्तर शोधलं की निम्मी उत्तरं जुन्या पद्धतीची निघतात आणि नवीन पोरगा गोंधळतोय. तरी पाचपैकी साडेचार देतो.

आता एक गोष्ट जी कुठल्याच फ्रेमवर्कच्या जाहिरातीत नीट सांगत नाहीत आणि दूध संस्थेला सगळ्यात जास्त तीच लागते, ती म्हणजे नेट नसताना काम. ते फ्रेमवर्क देत नाही, ब्राउझर देतोय. सर्व्हिस वर्करनं (ब्राउझरमध्ये मागं चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमनं) ॲपच्या फायली फोनमध्ये ठेवायच्या, नोंदी इंडेक्स्डडीबीत (ब्राउझरच्या आतल्या डेटाबेसमध्ये) टाकायच्या, नेट आलं की वर पाठवायच्या. सर्व्हिस वर्कर एचटीटीपीएसशिवाय (सुरक्षित जोडणीशिवाय) चालत नाही, हे लक्षात ठेवा, लॅपटॉपवर लोकलहोस्टला (आपल्याच मशीनवरच्या पत्त्याला) चालतोय म्हणून आपण गाफील राहतो. दुसरं, ब्राउझरला 'ऑनलाईन आहेस काय' विचारायची सोय आहे तिच्यावर विसंबू नका. ती फक्त फोन कुठल्यातरी नेटवर्कला जोडलाय एवढंच सांगते, पुढं खरंच इंटरनेट पोचतंय का ते नाही, आणि गगनबावड्याकडं दोन दांड्या दिसतात आणि नेट शून्य असा प्रकार रोजचा आहे. आम्ही नोंद पाठवतो, सर्व्हरकडनं पोच आली तरच ती पाठवली असं धरतो. पण पोचच वाटेत हरवली तर तीच नोंद दोनदा जायची आणि एखाद्या मावशीच्या खात्यावर दुप्पट दूध पडायचं, म्हणून प्रत्येक नोंदीला फोनवरच एक वेगळा आयडी देतो, तोच आयडी दुसऱ्यांदा आला तर सर्व्हर फक्त 'मिळालं' म्हणतोय आणि गप्प बसतोय. हे तीन दिवसांचं काम होतं आणि सगळ्या प्रोजेक्टमधलं सगळ्यात मोलाचं काम तेच आहे असं मी मनापासून सांगतो.

व्ह्यू आम्ही संस्थेच्या ऑफिसातल्या बिलाच्या पानाला वापरलं. इव्हान यूचं, २०१४ चं. डॉक्युमेंटेशन वाचावं तर व्ह्यूचं, एवढं स्वच्छ लिहिलंय की आमच्याकडची नवीन मुलगी चौथ्या दिवशी स्वतःचं पान करत होती. पण मराठीवाल्यांनी एक गोष्ट आधीच माहीत करून घ्यावी. सभासदाच्या नावावर शोधायचा बॉक्स होता, फोनवर 'पा' टाइप केलं तरी यादी हलायची नाही, 'पाटील' लिहून स्पेस दिली की मग एकदम हलायची. आम्हाला वाटलं आमचाच कोड चुकला. मग डॉक्युमेंटेशनमध्ये सापडलं, व्ही-मॉडेल (बॉक्स आणि कोडमधली किंमत जोडणारी व्ह्यूची सोय) हे कीबोर्डचं शब्द जुळवणं चालू असताना किंमत बदलतच नाही, चिनी, जपानी, कोरियन लिहिणाऱ्यांसाठी ते मुद्दाम तसं ठेवलंय, आणि अँड्रॉइडचे कीबोर्ड मराठीला पण शब्द असाच जुळवत बसतात. उपाय तिथंच दिलाय, व्ही-मॉडेल सोडून इनपुट इव्हेंट (बॉक्समध्ये काही बदललं की ब्राउझर देतो ती सूचना) आपण स्वतः ऐकायचा. दोन ओळींचा बदल, पण शोधायला अख्खी संध्याकाळ गेली.

मराठीचाच अजून एक अनुभव, हा सगळ्याच फ्रेमवर्कला लागू आहे. दाखवायला ब्राउझर छान साथ देतोय, नंबर फॉरमॅटला मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) दिलं की १,२३,४५६ असं आपल्या लाख-हजारच्या स्वल्पविरामासकट देवनागरीत येतंय, पावती बघून जुनी माणसं खूश. पण उलट्या बाजूनं, कुणी मराठी कीबोर्डवरनं ६.५ असं देवनागरीत टाकलं तर जावास्क्रिप्ट त्याला आकडाच मानत नाही, आणि रकमेच्या जागी एनएएन ('हा आकडा नाही' अशी खूण) येतंय. दहा आकड्यांची अदलाबदल करणारं छोटं फंक्शन लिहून प्रत्येक इनपुटच्या तोंडाशी बसवा, पहिल्याच दिवशी बसवा.

फौंड्रीचं काम एचटीएमएक्सवर केलं, मागं सर्व्हरला जँगो (पायथनचं फ्रेमवर्क). तिथली गरज साधी, हीट नंबर (भट्टीच्या त्या खेपेचा नंबर) टाकायचा, किती कास्टिंग निघाले, किती रिजेक्ट झाले, कशानं झाले, ब्लो होल, कोल्ड शट, श्रिंकेज असली ओतकामातल्या दोषांची कारणं निवडायची, संध्याकाळी मालकांना एक पान दिसलं पाहिजे. एचटीएमएक्समध्ये बटणावरच लिहायचं की दाबलं तर सर्व्हरकडनं एचटीएमएलचा हा तुकडा आण आणि पानाच्या ह्या भागात बसव. कार्सन ग्रॉसनं केलेलं, २०२० ला १.० आलं, कॉम्प्रेस करून १५ केबीच्या आसपास. बिल्ड नाही, शेकडो पॅकेजेस नाहीत, ज्याला जँगो येतंय त्याला दुपारपर्यंत एचटीएमएक्स येतंय. फौंड्रीत सर्व्हर ऑफिसातच ठेवलाय त्यामुळं प्रत्येक क्लिकला सर्व्हरकडं जाऊन यायला लागतंय हे कुणाला जाणवत पण नाही. हेच दूध संस्थेला केलं असतं तर नेट गेलं की सगळं ठप्प. आपल्याकडच्या निम्म्या तरी ऑफिस-सॉफ्टवेअरला रिॲक्टची गरज नाही, एचटीएमएक्स पुरेसं आहे, असं माझं स्पष्ट मत झालंय.

मग रिॲक्ट कुठं घ्यायचं? चप्पल लाईनवाल्यांच्या कामाला घेतलं आणि तिथं ते लई चांगलं चाललंय. गिऱ्हाईक स्वतः कापशी (कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार) निवडणार, वेणी कशी पाहिजे, कान पाहिजेत का, रंग, साईज, आणि प्रत्येक बदलाला समोरचं चित्र आणि किंमत बदलणार. एवढे तुकडे एकमेकांवर अवलंबून असले की रिॲक्टची कंपोनंटची (पानाचे छोटे स्वतंत्र तुकडे जोडायची) पद्धत हाताला बसते, आणि कुठलीही अडचण आली तरी तयार उत्तर किंवा लायब्ररी मिळतेच, हा फायदा दुसऱ्या कुणाकडं एवढा नाही. नेक्स्ट (सर्व्हरवरच पान तयार करून देणारं रिॲक्टवरचं फ्रेमवर्क) वापरलं कारण लोक चपलेची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवतात, आणि व्हॉट्सॲप लिंकचा फोटो दाखवताना जावास्क्रिप्ट चालवत नाही, सर्व्हरकडनं आलेल्या एचटीएमएलमध्ये फोटोचा पत्ता असला तरच फोटो दिसतोय. फोटो दिसल्याशिवाय घरच्या ग्रुपवर चप्पल कोण बघणार.

कुठलंही घ्या, ते किती वर्षं टिकणार हे आधी बघा. फ्लॅशवर जगभर केवढी ॲप्स होती, ३१ डिसेंबर २०२० ला त्याचा सपोर्ट संपला आणि जानेवारीत ते चालायचंच बंद झालं. मायक्रोसॉफ्टचं तसंच सिल्व्हरलाईट ऑक्टोबर २०२१ ला संपलं, गूगलचं अँग्युलर-जेएस फ्रेमवर्क त्याच वर्षाच्या शेवटी, व्ह्यू २ चा सपोर्ट २०२३ च्या शेवटी. क्रिएट रिॲक्ट ॲप, म्हणजे रिॲक्टचं नवं काम सुरू करून देणारं साधन, ज्याच्यावर सगळे क्लासवाले शिकवायचे, ते २०२५ च्या फेब्रुवारीत रिॲक्टच्या टीमनंच नव्या कामाला वापरू नका म्हणून सांगितलं, त्यामुळं आता विट (Vite, तसंच एक नवं साधन) किंवा नेक्स्टनं सुरुवात करा. दूध संस्थेचा सेक्रेटरी दर तीन वर्षांनी नवीन सॉफ्टवेअरचे पैसे देऊ शकत नाही, आणि का द्यावेत त्यानं.

सध्या फॅटच्या मशीनचा आकडा थेट ॲपमध्ये आणायचं काम चालू आहे. मशीनला सिरियल पोर्ट (आकडे बाहेर पाठवायची जोडणी) आहे, आणि क्रोममध्ये २०२१ पासून वेब सिरियल, म्हणजे असा पोर्ट वाचायची सोय, आलंय, त्यामुळं कॉम्प्युटरवर वेगळं सॉफ्टवेअर न टाकता ब्राउझरमधूनच आकडा वाचता येतोय, ऑफिसातल्या पीसीवर ते जमलं पण. फोनवर मात्र फॅट अजून हातानंच टाकायची. म्हणून तिथला आकड्यांचा कीपॅड आम्ही स्वतः बनवला, ओलं बोट पण बरोबर लागेल एवढ्या मोठ्या बटणांचा, आणि दशांशाचं टिंब त्यात ठेवलंच नाही, शेवटचा आकडा नेहमी टिंबानंतरचा, ६५ दाबलं की ६.५ होतंय.