नाशिकच्या गंगापूर रोडचं विमानाचं सिम्युलेटर: बोइंग ७३७ हवेत गरकन फिरवायचं असेल तर

बोइंगचा चाचणी वैमानिक टेक्स जॉन्स्टनने १९५५ मध्ये सिएटलला डॅश-८० हे कंपनीचं नमुना जेट हवेत पूर्ण पलटी मारून फिरवलं, ते कसं जमतं हे इथे नीट कळतं. नाशिकच्या ओझर विमानतळावरून उडून १०,००० फुटांवर जा. वेग २५० नॉट, नाक १५-२० अंश वर. मग योक (वैमानिकापुढचं हँडल) ओढणं थांबवून तो पूर्ण एका बाजूला. नाक कमी उचललं तर उलटं असतानाच विमान खाली घसरतं, आणि तिथे घाबरून योक ओढला की संपलंच. एअरबस ए-३२० निवडू नका. नॉर्मल लॉमध्ये, म्हणजे संगणकाच्या नेहमीच्या नियंत्रणात, ते ६७ अंशांपुढे कलतच नाही. इथल्या योकची स्प्रिंग मात्र ढिली, मधोमध परत येत नाही. सीट हलत नाही, त्यामुळे एक जी (जमिनीवर जाणवतो तेवढाच भार) टिकला का, हे पडद्यावरच्या आकड्यालाच विचारायचं. चहा बरा.