आप्पांच्या खात्यावरचे दोन हजार: पीएम-किसान आणि नमो शेतकरीचा आमचा अनुभव

आप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, पीएम-किसान या केंद्राच्या शेतकरी मदत योजनेचे अडकलेले हप्ते गेल्या वर्षी पुन्हा सुरू झाले आणि पाठोपाठ राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे पैसेही येऊ लागले. तेव्हापासून त्यांचं पासबुक, ओटीपी आणि कागदपत्रं मीच बघते. आप्पा पंचाहत्तरीच्या पुढचे. अडीच एकर कोरडवाहू जमीन, कापूस आणि तूर. घरात असं वयस्क माणूस शेती करत असेल तर हा अनुभव उपयोगी पडेल.

आधी हिशेब. केंद्राचे वर्षाला ६००० रुपये, २००० च्या तीन हप्त्यांत. राज्याने २०२३ च्या अर्थसंकल्पात तेवढीच भर घातली. म्हणजे वर्षाचे १२,०००, महिन्याला हजार रुपये. एवढ्यात शेती होत नाही. डीएपी खताची गोणी १३५० रुपयांची, युरियाची २६६ रुपये ५० पैशांची. एक डीएपी आणि दोन युरिया उचलल्या की एक हप्ता संपला. बियाणं, फवारणी, वेचणीची मजुरी सगळी बाकीच.

तरी या पैशाने आप्पांचं वर्ष बदललं. पूर्वी हातात रोकड यायची ती कापूस विकल्यावर, आणि तीही दुकानदाराची उधारी फेडण्यात जायची. मधल्या महिन्यांत काही लागलं तर माझ्या भावाकडे मागायचं. भाऊ कधी नाही म्हणाला नाही, पण आप्पांच्या तोंडून मागणं निघायचंच नाही. बीपीच्या गोळ्या संपत आल्या की ते एक दिवसाआड घ्यायचे आणि कुणाला सांगायचे नाहीत. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा घरात कळलं. आता महिन्याच्या गोळ्या ते स्वतः जाऊन आणतात, चष्म्याची काचही बदलून घेतली. भाऊ म्हणाला होता, "आप्पा, मी देतो ना." आप्पा म्हणाले, "असू दे, माझे आहेत."

शेतातला फरक मला आधी लक्षात आला नव्हता, तो आप्पांनीच दाखवला. पाऊस उघडला की सगळ्या गावाला एकाच वेळी डवरणी, म्हणजे बैलांनी ओळींमधलं तण काढणं, हवी असते. बैलजोडीवाला रोख देणाऱ्याच्या शेतात आधी जातो, उधारीवाल्याचा नंबर मागे. तेवढ्यात पुन्हा पाऊस लागला की तण कपाशीच्या वर जातं आणि मग निंदणीला दुप्पट बाया लावाव्या लागतात. या हंगामात आप्पांकडे रोख होती, डवरणी वेळेवर झाली. दोन हजारांनी जो खर्च वाचवला तो दोन हजारांपेक्षा मोठा होता. मदतीची रक्कम सगळे मोजतात, पण कोरडवाहू शेतकऱ्याला ती कोणत्या आठवड्यात मिळते यावर तिची किंमत ठरते.

आणि माझी सगळ्यात मोठी तक्रार इथेच आहे. तारीख ठरलेली नाही. एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर, डिसेंबर ते मार्च असे कालखंड आहेत, पण त्यात कधी येईल ते आधी सांगता येत नाही. केंद्राचा विसावा हप्ता २ ऑगस्ट २०२५ ला आला. तोवर आमच्याकडे पेरण्या कधीच उरकल्या होत्या, खताचा पहिला डोसही देऊन झाला होता. राज्याचा हप्ता कधी केंद्राबरोबर येतो, कधी मागाहून. खरिपाचा हप्ता मे महिन्यात खात्यावर पडला तर शेतकरी बियाणं रोखीने घेईल. त्यासाठी सरकारला एक रुपयाही जादा लागणार नाही.

आता अडचणी, कारण हप्ते अडकतात ते इथेच. आप्पांच्या बोटांचे ठसे आयुष्यभराच्या कामाने झिजलेत, यंत्र घेतच नाही. ई-केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीवर काम होतं. नसेल तर २०२३ पासून पीएम-किसानच्या ॲपमध्ये चेहरा दाखवूनही होतं. आमचं तसंच झालं, दारात उजेडात बसवून. सेवा केंद्रात ठसा लागत नाही म्हणून परत पाठवलं तर हा मार्ग मागा. पैसे काढतानाही तोच त्रास. गावात बँकेचं काम करणाऱ्या बँकमित्राकडे अंगठा लागला तर बरं, नाहीतर शाखेत पासबुक घेऊन पैसे काढायची स्लिप भरायची.

दुसरा घोळ खात्याचा. पैसे येतात ते आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात. आप्पांचं जुनं खातं वेगळं, मध्ये एका शिबिरात उघडलेलं वेगळं. पोर्टलवर पैसे जमा दिसत होते आणि जुन्या पासबुकात काहीच नव्हतं. ते शिबिरातल्या खात्यात पडून होते. वयस्क माणसाचं एकच खातं चालू ठेवा. शेतकरी ओळख क्रमांकही काढून घ्या, सातबाऱ्यावरचं आणि आधारवरचं नाव जुळतं का ते त्याआधी पाहा.

शेतकऱ्यांच्या पीएम-किसान मानधन योजनेबद्दल बरेच जण विचारतात. साठीनंतर महिना ३००० पेन्शनची ती योजना आहे, पण त्यात नाव घालायचं वय १८ ते ४०. आज म्हातारे असलेल्यांना तिचा काही उपयोग नाही. श्रावणबाळ या वृद्धांच्या पेन्शन योजनेचे महिना १५०० मिळतात, पण त्याला कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत असल्याचा दाखला लागतो.

ज्यांना काहीच मिळत नाही त्यांच्याबद्दल मला राग आहे. या योजनांत पती, पत्नी आणि अठरा वर्षांखालची मुलं मिळून एक कुटुंब धरतात, त्यामुळे आईला वेगळं काही नाही, जरी कापूस वेचणीत तिचा हात आप्पांपेक्षा जलद चालतो. शेजारच्या वावरात एक विधवा मावशी बटईने, म्हणजे दुसऱ्याची जमीन पिकाच्या वाट्यावर घेऊन, शेती करतात. वय आप्पांएवढंच, जोखीम तीच, पाऊस तोच. सातबारा दुसऱ्याच्या नावावर, म्हणून हप्ता मालकाला जातो आणि मालक पुण्यात राहतो. मावशींसाठी मी तलाठ्याकडेही विचारून आले. बटईवाल्यांसाठी या योजनेत अर्जच नाही.