एकच नाकपुडी बंद: थेंब की मिठाचं पाणी?

पुण्यात थंडी आणि धूळ एकत्र आली की ही तक्रार वाढते. नाकपुड्या काही तासांनी आलटून-पालटून जड होतात, तो शरीराचा नियमच. सतत एकच बाजू बंद असेल तर मधला पडदा वाकडा आहे का, मस्सा वाढलाय का, हे बघावं लागतं.

झायलोमेटाझोलीनचे थेंब सुजलेल्या रक्तवाहिन्या आकसवतात. काही मिनिटांत श्वास मोकळा. पण पाच दिवसांच्या पुढे गेलात तर औषध उतरताच सूज दुप्पट जोराने परतते आणि बाटली सुटत नाही. रक्तदाब असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

मिठाचं पाणी सावकाश काम करतं, पण रोज चालतं. उकळून कोमट केलेलं २४० मिली पाणी, अर्धा चमचा बिनआयोडीनचं मीठ, चिमूटभर खायचा सोडा. नळाचं कच्चं पाणी अजिबात नको. बेसिनवर वाका, डोकं एका बाजूला कलतं करा, तोंड उघडं ठेवा, वरच्या नाकपुडीत हळू सोडा. नंतर जोरात शिंकरू नका, कानात दडा बसतो.

रोजच्यासाठी आमचा कौल पाण्याला. थेंब फक्त झोप उडवणाऱ्या रात्रींपुरते.

एकाच बाजूने रक्त किंवा दुर्गंधी स्राव आला तर कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. लहान मुलाच्या नाकात बटण सेल गेल्याची शंका आली तर त्याच तासाला.