सात जणांमधून एकाचा शोध : लिंकनच्या बॉम्बर कमांड केंद्राचा नोंदसंग्रह

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडमध्ये सुमारे १,२५,००० विमानकर्मींनी काम केले आणि त्यांपैकी ५५,०००हून अधिक जण मृत्युमुखी पडले. माझ्या सुनेच्या आजीचे थोरले भाऊ त्यांपैकी एक. ते लँकेस्टर या बॉम्बफेकी विमानात शेपटाकडचे गनर होते आणि मार्च १९४४ च्या अखेरीस जर्मनीतील न्यूरेंबर्गवर झालेल्या हल्ल्यातून परतले नाहीत, एवढीच माहिती घरात शिल्लक होती. त्यांचा माग काढताना ज्या सेवेचा सर्वाधिक उपयोग झाला, ती म्हणजे इंग्लंडमधील लिंकन येथील इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटरचा ‘लॉसेस डेटाबेस’. तो इंटरनेटवर विनाशुल्क पाहता येतो आणि असा शोध घेऊ पाहणाऱ्या कोणालाही मी प्रथम त्याचेच नाव सुचवीन.

आडनाव घालून शोधल्यास त्या व्यक्तीचे स्वतंत्र पान उघडते. त्यावर हुद्दा, सेवाक्रमांक, स्क्वाड्रन, विमानतळ, विमानाचा प्रकार व अनुक्रमांक, त्या रात्रीचे लक्ष्य, विमान कसे नष्ट झाले याची ज्ञात माहिती आणि दफनस्थान अशा नोंदी असतात. लिंकनच्या स्मारकभिंतींवर सुमारे ५८,००० नावे कोरलेली आहेत, त्यांपैकी हे नाव कोणत्या फलकावर आहे हेही तेथेच कळते. इतकी माहिती अन्यत्रही तुकड्यातुकड्यांनी मिळू शकते. या संग्रहाचे खरे मोल असे की, तो एका माणसाला त्याच्या विमानातील सहकाऱ्यांपासून तोडत नाही. त्याच पानावरून उरलेल्या सहा जणांपर्यंत जाता येते, आणि माझ्या मते बॉम्बफेकी विमानातील नातेवाइकाचा शोध घेण्याचा योग्य मार्ग हाच आहे.

वैमानिक, फ्लाइट इंजिनिअर, नॅव्हिगेटर, बॉम्ब एमर, वायरलेस ऑपरेटर आणि दोन गनर अशी लँकेस्टरची तुकडी असे. त्यांतील बहुतेक जण प्रशिक्षणकेंद्रावर एकमेकांना स्वतःच निवडत, इंजिनिअर पुढच्या टप्प्यावर सामील होई, आणि त्यानंतर तीस मोहिमांचा फेरा पुरा होईपर्यंत ते शक्यतो एकत्रच उडत. त्यामुळे गनरच्या घरी एकही कागद उरला नसला, तरी वैमानिकाच्या लॉगबुकातून, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीतून, त्याचाही बराचसा प्रवास उलगडतो. ही गोष्ट सहकारी कॅनडाचा किंवा ऑस्ट्रेलियाचा असल्यास अधिकच महत्त्वाची ठरते. युद्धात मरण पावलेल्या कॅनडाच्या सैनिकांच्या सेवाफाईली खुल्या आहेत, तर ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने आपल्या हवाईसैनिकांची बरीच कागदपत्रे, अपघात व मृत्यूविषयक फाईलींसह, इंटरनेटवर ठेवली आहेत. अशा फाईलीत युद्धानंतर शोधपथकांनी केलेल्या चौकशीचा अहवाल सापडला, तर तो एका माणसाचा नसतो; विमान कोठे कोसळले आणि कोणाचे अवशेष कसे ओळखले गेले, हे त्यात संपूर्ण तुकडीविषयी लिहिलेले असते. ब्रिटनमधील अशा मृत्यूविषयक फाईली लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात टप्प्याटप्प्याने खुल्या होत असल्याने, परदेशी सहकाऱ्याची फाईल हा कित्येकदा जवळचा रस्ता असतो.

शोधताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली तारखेची. न्यूरेंबर्गची मोहीम ३० मार्चच्या रात्री सुरू होऊन ३१ मार्चच्या पहाटे संपली; त्यामुळे मृत्यूची तारीख निरनिराळ्या नोंदींत एका दिवसाने मागेपुढे असू शकते आणि दोन्ही तारखा तपासणे आवश्यक ठरते. त्या रात्री निघालेल्या ७९५ विमानांपैकी ९५ परतली नाहीत, म्हणजे केवळ तारखेवरून शेकडो नावे समोर येतात. दुसरी गोष्ट विमानाच्या ओळखीची. कुटुंबांच्या आठवणीत बहुधा ‘एफ फॉर फ्रेडी’ असे विमानाचे ओळख-अक्षर राहिलेले असते; परंतु एक विमान गेले की तेच अक्षर स्क्वाड्रनमधील दुसऱ्या विमानाला मिळे. अक्षरे व अंक मिळून झालेला अनुक्रमांक मात्र त्या एकाच विमानाचा असतो, म्हणून तो मिळताच पुढचा सगळा शोध त्यावरूनच करावा.

या संग्रहाला सर्वस्व मानू नये, हेही तितकेच स्पष्टपणे सांगायला हवे. तो नंतर संकलित केलेला आहे आणि मूळ कागद वेगळे आहेत. क्यू येथील एआयआर २७ या मालिकेत स्क्वाड्रनांच्या मोहिमांच्या दैनंदिन नोंदवह्या आहेत. त्यांतील फॉर्म ५४० मध्ये दिवसाचा गोषवारा असतो, तर फॉर्म ५४१ मध्ये प्रत्येक विमानाची तुकडी, उड्डाणाची व परतीची वेळ आणि मोहिमेचा वृत्तान्त असतो. न परतलेल्या विमानापुढे बहुतेकदा उड्डाणानंतर काहीही कळले नाही, एवढेच लिहिलेले आढळते, आणि ती ओळ वाचणे सोपे नाही. तरीही मागची पाने उलटून त्या तुकडीच्या सर्व मोहिमा क्रमाने उतरवून काढाव्यात, कारण त्या माणसाने त्या महिन्यांत काय काय पाहिले, हे अन्य कोठेही इतके सलग मिळत नाही.

ज्यांचे नातेवाईक युद्धातून सुखरूप परतले, त्यांना या संग्रहाचा उपयोग कमी होईल, कारण त्याचा मूळ हेतूच गमावलेल्यांची नोंद हा आहे. त्यांनी सेवापत्रिकेसाठी अर्ज करावा. ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने २०२२ पासून जुन्या सेवापत्रिका राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपविण्यास आरंभ केला असल्याने, अर्ज कोणाकडे करायचा हे आधी पाहून घ्यावे. मात्र लिंकन विद्यापीठाच्या सहकार्याने उभा राहिलेला केंद्राचा डिजिटल संग्रह त्यांनीही अवश्य पाहावा. त्यात लॉगबुके, पत्रे, छायाचित्रे आणि प्रत्यक्ष मुलाखती आहेत. ज्यांच्या शहरांवर बॉम्ब पडले त्यांच्याही आठवणी त्याच संग्रहात जतन केल्या आहेत. हा निर्णय मला अत्यंत प्रामाणिक वाटतो, कारण आपल्या माणसाविषयी माया असली तरी त्या रात्री खाली काय घडले, हा त्याच इतिहासाचा भाग आहे.

कुटुंबाकडील छायाचित्रे आणि अधिक माहिती केंद्र स्वीकारते व त्या व्यक्तीच्या नोंदीला जोडते. सुनेच्या आजींनी जपलेले भावाचे छायाचित्र आम्ही पाठविले आहे. त्याच विमानातील अन्य सहा जणांपैकी कोणाचे वारस उद्या तेच पान उघडतील, तर त्यांना आमच्या गनरचा चेहरा दिसावा, हा त्यामागचा हेतू आहे.