भारत गृह रक्षा: पॉलिसी चांगली आहे, पण तिचे कागद स्वतः समजून घ्या

गेल्या पावसाळ्यात आमच्या घराची मागची भिंत पडली आणि विम्याच्या पैशातून ती परत उभी राहिली. तेव्हापासून आमच्या नंदगडात (कर्नाटक, खानापूर तालुका) बरेच जण मला विचारतात, घराचा विमा काढावा का? माझं उत्तर एकच: काढा. आमची पॉलिसी 'भारत गृह रक्षा'. आयआरडीएआयनं, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, ती १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना एकाच मजकुरानं लागू केली आहे. म्हणजे कंपनी कुठलीही घ्या, मूळ अटी त्याच. फरक पडतो तो हप्त्यात आणि ऑफिसातल्या माणसांच्या वागण्यात. आमच्या कंपनीचं नाव इथं लिहीत नाही, कारण मला सांगायचंय ते पॉलिसीबद्दल आणि तिच्या कागदांबद्दल.

आमचं घर जुनं आहे. जांभ्या दगडाच्या, मातीत बांधलेल्या जाड भिंती आणि वर मंगळुरी कौलं. "असल्या घराला कोण विमा देतंय वहिनी," असं आमचे भावोजी म्हणाले होते. पण पॉलिसीत कच्चं बांधकाम म्हणजे फळ्या, गवत, बांबू, ताडपत्री असल्या सामानाचं. दगडी कौलारू घर त्यात मोडत नाही. विम्याची रक्कम ठरवताना जागेचा बाजारभाव धरत नाहीत. घराचा कार्पेट एरिया (आतली वापरायची जागा) गुणिले आजचा बांधकामाचा दर, एवढाच हिशोब. बाहेरच्या भिंतींखालची जागा कार्पेट एरियात येत नाही आणि जुन्या घरात ती बरीच असते. म्हणून एजंटानं अंदाजे टाकलेला आकडा घेऊ नका, टेप लावून मोजा. आमची रक्कम १२ लाख ठरली. तिच्या २० टक्के, म्हणजे २ लाख ४० हजारांपर्यंत, घरातलं सामान वेगळी यादी न देता आपोआप धरलं जातं (याची कमाल मर्यादा १० लाख). आणि विमा थोडा कमी रकमेचा निघाला तरी त्या प्रमाणात दावा कापत नाहीत. जुन्या घरवाल्यांसाठी ही सगळ्यात मोलाची अट आहे.

आता कागद. आमच्या ओढ्याचं पाणी रात्री परसात शिरलं, भिंतीला लागून तुंबून राहिलं आणि पहाटे न्हाणीपासून चुलीच्या खोलीपर्यंतची भिंत आत आली. त्याच सकाळी मुलानं कंपनीच्या नंबरवर कळवलं आणि तक्रार क्रमांक लिहून घेतला. दाव्याच्या फॉर्मवर नुकसानीचं कारण लिहायला चार ओळी असतात. त्या एजंटाला भरू देऊ नका. आमच्या एजंटानं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'पावसाने भिंत भिजून पडली'. ही पॉलिसी नेमून दिलेल्या घटनांचेच पैसे देते. पूर, पाणी शिरणं, वादळ, वीज, आग, भूकंप, दरड हे सगळं त्यात आहे. वर्षानुवर्षांची ओल आणि झीज त्यात नाही. मी ते खोडून घडलं तसं क्रमानं लिहिलं: ओढ्याला पाणी कधी आलं, परसात किती उंच चढलं, किती वेळ राहिलं, भिंत कधी पडली. शेजारच्या भिंतीवर राहिलेल्या चिखलाच्या रेघेला टेप लावून फोटो काढला. त्या दिवसाच्या 'तरुण भारत'मधलं पावसाच्या बातमीचं कात्रणही जोडलं. कर्नाटकात आपत्ती निरीक्षण केंद्राची पर्जन्यमापकं ग्रामपंचायतींपर्यंत बसवलेली आहेत, त्यामुळे पावसाचा आकडा कागदावर मिळू शकतो. तोही मागा.

तलाठ्याचा पंचनामा झाला म्हणजे विम्याचं काम झालं, असं आपल्याकडे पुष्कळांना वाटतं. तो पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो, आणि असतो कन्नडमध्ये. तो जरूर करून घ्या, प्रत घ्या, दाव्याला जोडा. पण कंपनी पैसे ठरवते ते नुकसान मोजायला येणाऱ्या तिच्या सर्व्हेअरच्या अहवालावरून. हा सर्व्हेअर आयआरडीएआयचा परवानाधारक असतो आणि त्याची फी कंपनी देते. त्याला आपण काहीही द्यायचं नसतं. घराच्या मालकीसाठी पंचायतीचा नऊ-अकराचा उतारा लागला. आमचा उतारा सासऱ्यांच्या नावावरून सासूबाईंच्या नावावर आधीच झाला होता आणि पॉलिसीही त्यांच्याच नावावर आहे, म्हणून तिथं अडलं नाही. ज्यांच्या उताऱ्यावर अजून वारलेल्या माणसाचं नाव आहे, त्यांनी पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) आजच अर्ज टाकावा. भिंत पडल्यावर वारसा लावायला धावणं फार जड जातं.

सगळ्यात महत्त्वाचं अंदाजपत्रक. गवंड्यानं वहीच्या पानावर लिहून दिलं होतं: 'भिंत बांधणे, कौले बसविणे, सर्व मिळून २,१०,०००'. गवंडी चांगला, त्याचा आकडाही रास्त. पण असल्या एका ओळीवर सर्व्हेअर काही मंजूर करू शकत नाही, कारण त्याला प्रत्येक काम मापानं आणि दरानं लिहावं लागतं. खानापूरच्या एका तरुण इंजिनीअरनं तेच काम फोडून दिलं. ढिगारा काढणं वेगळं. पाया वेगळा. दगडी बांधकाम घनमीटरमध्ये, गिलावा चौरस मीटरमध्ये, वासे नगावर, रिपा मीटरवर, कौलं शेकड्यावर, वायरिंग पॉइंटवर. प्रत्येक ओळीपुढे लांबी, रुंदी, उंची. सर्व्हेअर आले तेव्हा मुलानं टेपचं एक टोक धरलं, दुसरं त्यांनी, आणि दोघांचं माप एकच निघालं. त्यानंतर वाद उरला तो फक्त दरांचा. ढिगाऱ्यातले चिरे आणि धड राहिलेले दोन वासे परत वापरता येतील म्हणून त्यांची किंमत त्यांनी वजा केली. ती वजावट मला पटली, कारण आम्ही ते खरोखर वापरले. गिलाव्याचा दर मात्र कमी धरला होता. तिथं इंजिनीअरनं बाजारातली दोन कोटेशनं दाखवली आणि दर वाढवून मिळाला.

दुसरी गोष्ट एजंट सांगत नाहीत. घर पूर्ण गेलं नसेल, तर दुरुस्तीचा खर्च आधी आपण करायचा आणि मग कंपनी तो भरून देते. म्हणजे हातात काही रक्कम हवी, नाहीतर सोसायटीचं कर्ज. सिमेंट, वाळू, लाकूड सगळ्याची जीएसटीची बिलं घेतली. गवंड्याकडे जीएसटी नाही, म्हणून त्याची मजुरी बँकेतून दिली आणि सहीची पावती घेतली. मी बचत गटाचे हिशोब लिहिते, त्यामुळे बिलामागे अंदाजपत्रकातला ओळ क्रमांक टाकायची सवय कामी आली.

पॉलिसीतली उणी बाजूही सांगते. ढिगारा उचलायला दाव्याच्या फक्त २ टक्के मिळतात. आमचा दावा १ लाख ६० हजारांना मंजूर झाला, म्हणजे ढिगाऱ्याचे ३,२०० रुपये. दगडामातीची भिंत पडली की ट्रॅक्टरच्या फेऱ्यांवर फेऱ्या होतात. त्याला ही रक्कम कुठेच पुरत नाही. इंजिनीअरच्या फीसाठी ५ टक्क्यांपर्यंत मिळतात, ते ठीक आहे. पण दावा तयार करून देण्याची फी पॉलिसी देत नाही. तेव्हा "क्लेम करून देतो, टक्का द्या" म्हणणाऱ्याचे पैसे पूर्णपणे तुमच्या खिशातले, हे धरून चाला.

कंपनीच्या वागण्यावर मी नाराज आहे. एक कागद दिला की दुसरा मागायचे, दुसरा दिला की तिसरा. जून २०२४ च्या आयआरडीएआयच्या परिपत्रकात स्पष्ट आहे: २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्यानं १५ दिवसांत अहवाल द्यायचा, अहवाल मिळाल्यावर ७ दिवसांत कंपनीनं निर्णय घ्यायचा, आणि केवळ कागद नाहीत म्हणून दावा नाकारायचा नाही. हे नियम ईमेलमध्ये लिहून, 'आणखी काय हवं ते एकदाच लेखी कळवा' असं मुलानं विचारलं, तेव्हा यादी आली आणि फाईल हलली. सर्व्हे अहवालाची प्रतही लेखी मागून घ्या. शेवटी 'पूर्ण व अंतिम' असं छापलेल्या पावतीवर सही मागतात. तिला घाबरू नका. त्या सहीमुळे जास्त रक्कम मागण्याचा तुमचा हक्क बुडत नाही, असं आयआरडीएआयनं २०१५ सालीच कंपन्यांना कळवलं आहे.

एवढं करूनही अडलं, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग आयआरडीएआयच्या १५५२५५ या नंबरवर किंवा 'बिमा भरोसा' पोर्टलवर. महिनाभरात समाधान झालं नाही तर बेंगळुरूच्या विमा लोकपालाकडे जाता येतं. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथं चालतात आणि वकील लागत नाही. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. यंदाही हीच पॉलिसी चालू ठेवली आहे, फक्त नवी भिंत उभी राहिल्यावर कार्पेट एरिया परत मोजून रक्कम १४ लाख केली.