पहिली टेबल सॉ जुनी घ्यायची, तर कोणती?

जुनी टेबल सॉ, म्हणजे टेबलातून गोल पातं वर आलेली लाकूड कापायची करवत, शोधायला लागलं की नवशिक्यासमोर खरे पर्याय दोनच उरतात. एक म्हणजे ॲल्युमिनियमच्या टेबलाची, एकट्याने उचलता येणारी, अलीकडच्या काळातली हलकी सॉ. दुसरी बिडाच्या टेबलाची, पट्ट्यावर चालणारी, मोटर मागे लटकलेली. वजन सहज शंभर किलोच्या आसपास आणि वय कदाचित तुमच्याहून जास्त. दोन्ही एकाच बजेटात बसत असतील तर घोळ सुरू होतो. ‘जुनं ते भक्कम, डोळे मिटून घ्या’ असा सल्ला हमखास मिळतो. तो अर्धाच खरा आहे.

खरा अर्धा आधी पाहू. दुरुस्तीच्या बाबतीत बिडाची सॉ हलक्या सॉला फार मागे टाकते.

हलक्या सॉमध्ये युनिव्हर्सल मोटर असते, हँड ड्रिलमध्ये असते त्याच जातीची. कानाला त्रास होईल इतका आवाज करते, पण छोट्या आकारात चांगली ताकद देते. कार्बन ब्रश झिजले तर बदलायला पाच-दहा मिनिटं लागतात. पण आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा गाभा, जळालं किंवा गिअरचे दात गेले, की तो भाग त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा लागतो. मॉडेल बंद झालं असेल तर सॉ भंगारात गेली म्हणून समजा.

पट्ट्याच्या सॉमधली इंडक्शन मोटर साधी असते. बटण दाबल्यावर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, तर संशय दोघांवर: मोटरला सुरुवातीचा जोर देणारा स्टार्ट कपॅसिटर, नाहीतर वेग आला की तो जोर तोडणारा, भुशाने माखलेला सेंट्रिफ्यूगल स्विच. दोन्ही स्वस्तातली कामं. (प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, तो उतरवल्याशिवाय हात घालू नका.) मोटर अगदीच गेली तर त्याच ताकदीची, त्याच वेगाची आणि त्याच दिशेने फिरणारी दुसरी लावता येते. आर्बरची, म्हणजे पात्याच्या शाफ्टची बेअरिंगं बहुधा प्रमाणित मापाची असतात. उदाहरणार्थ ६२०३ म्हणजे आतून १७, बाहेरून ४० आणि जाडीला १२ मिलिमीटर. जुन्या बेअरिंगवरचा नंबर वाचायचा आणि बेअरिंगच्या दुकानात तो सांगायचा, सॉ कुठल्या कंपनीची आहे हे कुणी विचारत नाही. बरीच वर्षं एकाच जागी ताणलेला पट्टा आकार धरून बसतो आणि सॉ थरथरते. अशा वेळी लोक मोटरला नावं ठेवतात, खरं तर नवा पट्टा टाकून काम भागतं.

आता उरलेला अर्धा, आणि माझ्या मते नवशिक्याने निर्णय इथे घ्यावा.

फळी उभी चिरताना लाकडातला ताण सुटतो आणि कधीकधी चीर पात्याच्या मागे मिटायला लागते. पात्याचे मागचे दात वरच्या दिशेने येत असतात. ते फळी पकडतात, उचलतात आणि तुमच्या अंगावर फेकतात. हाच किकबॅक. रायव्हिंग नाइफ ही पात्यामागची पोलादी पट्टी चीर उघडी ठेवते. पात्याबरोबर ती वर-खाली होते, तिरकी होते आणि दातांपासून काही मिलिमीटरवरच राहते. अमेरिकी बाजारासाठी साधारण २००८नंतर नव्याने डिझाइन केलेल्या सॉमध्ये ती असतेच. त्याआधीच्या बहुतेक सॉमध्ये गार्डला, म्हणजे पात्यावरच्या संरक्षक झाकणाला, जोडलेला स्प्लिटर असायचा; कामही तेच, चीर उघडी ठेवायचं. तो पात्याबरोबर वर-खाली होत नाही, लाकडात नुसती खाच पाडायची असली की काढावा लागतो, आणि एकदा काढलेला कोपऱ्यात पडतो तो पडतोच. जुन्या सॉबरोबर गार्ड मिळालं तर नशीब समजा.

तोडगा आहे. थ्रोट प्लेट, म्हणजे पात्याभोवतीचं सुटं झाकण, प्लायमधून नवं बनवायचं आणि पात्याच्या रेषेत मागे लाकडाची पातळ पट्टी चिकटवायची. काटकोनातल्या कापांना ती चांगली चालते, तिरक्या कापांना नाही. पण फळी हाताखाली कशी वागते हे अजून ज्याला कळत नाही, त्यालाच नेमकी अर्धवट सोय देणं मला पटत नाही.

बघायला जाल तेव्हा खिशात सरळ पट्टी आणि गुण्या ठेवा. प्लग काढायला लावा, पातं धरून शाफ्ट बाजूला हलवून बघा. किंचितही खेळ लागला तर बेअरिंग बदलायचं आहे. पातं हाताने फिरवा; खरखर म्हणजे तेच. मग दोन्ही चाकं टोकापासून टोकापर्यंत फिरवून पातं वर-खाली आणि तिरकं करा. जड जात असेल तर बहुधा भुसा आणि वाळलेलं ग्रीस, ब्रशने निघतं. पण टॉर्च घेऊन खाली वाकून ट्रनियन, म्हणजे पात्याचा सगळा भार पेलणारे बिडाचे कमानदार भाग, नीट बघा. तिथे तडा किंवा वेल्डिंग दिसलं तर तशीच परत फिरा, किंमत कितीही उतरली तरी. टेबलावरच्या गंजाला मात्र घाबरू नका. तेल, बारीक पॉलिश पेपर आणि वर मेणाचा हात दिला की टेबल गुळगुळीत होतं. नखाला लागणारे खड्डे राहतात, पण कापाला त्यांचा फारसा त्रास नाही.

फेन्स, म्हणजे फळी जिला टेकवून पुढे सरकवायची ती पट्टी, घट्ट करून तिच्या मागच्या टोकाला ढकलून बघा. सरकली तर हलक्या सॉवर ती नाराजी कायमची. बिडाच्या सॉवर दुसरी चांगली फेन्स बसवता येते, पण तिचा खर्च कधीकधी सॉएवढा होतो. तो आधीच हिशेबात धरा.

पातं माइटरच्या खाचेला, म्हणजे टेबलावरच्या पात्यालगतच्या सरळ खाचेला, समांतर आहे का, हे तपासायला पात्याच्या एका दाताला खूण करा. खाचेत गुण्या टेकवून त्या दातापर्यंतचं अंतर पुढे मोजा, पातं फिरवून तोच दात मागे आणा, पुन्हा मोजा. फरक ०.१ मिलिमीटरच्या आत आला की पुरे. पट्ट्याच्या सॉमध्ये ट्रनियनचे बोल्ट टेबलाच्या पोटाला असतात. ते सैल करून, ठोकून, पुन्हा आवळताना सगळं परत सरकतं आणि एक संध्याकाळ त्यात जाते. कॅबिनेट सॉमध्ये, म्हणजे बंद पेटीवर बसवलेल्या मोठ्या सॉमध्ये, टेबलाचे बोल्ट ढिले करून टेबलच सरकवायचं, म्हणून ते सोपं. पण तिचं वजन दोनशे किलोच्या पुढे असू शकतं, आणि कारखान्यातून निघालेली असेल तर मोटर थ्री फेज, म्हणजे घरच्या सिंगल फेज विजेवर थेट न चालणारी, असण्याची शक्यता मोठी. मोटरवरची पाटी वाचल्याशिवाय बोलणीच करू नका.

तर शेजारी उभं राहून शिकवणारं कुणी नसेल आणि लगेच कपाटं-शेल्फं करायची असतील, तर रायव्हिंग नाइफ जागेवर असलेली हलकी सॉ घ्या. नाइफ हरवली असेल आणि त्या मॉडेलची मिळत नसेल, तर तिच्या बाजूने बोलण्यासारखं फार काही उरत नाही. पाना हातात धरायची आवड आहे, जागा कायमची आहे आणि कुणी जाणता माणूस हाताशी आहे, तर बिडाची घ्या. ती नीट करताना सॉ कळतेही. नुसते प्लायचे मोठे ताव कापायचे असतील तर दोन्ही राहू द्या. त्या कामाला सरळ पट्टीला लावून चालवलेली हातातली सर्क्युलर सॉ जास्त सोयीची.

कोणतीही घेतलीत तरी तिच्याबरोबर आलेलं पातं काढून ठेवा. उभ्या चिरणीला २४ दातांचं, मिश्र कामाला ४० दातांचं नवं पातं लावा. नाइफ पात्याच्या पत्र्याहून जाड आणि चिरेहून पातळ हवी, तेव्हा नाइफवर कोरलेलं माप बघूनच पातं निवडा.