रत्नागिरीतील टोपॉलॉजीचा रविवारचा वर्ग

एम.एस्सी.च्या परीक्षेआधी रत्नागिरीत, मांडवीच्या वाटेवरील एका खासगी वर्गात मी युक्लिडीय अवकाशावरील (रेषा, प्रतल यांसारख्या नेहमीच्या अवकाशावरील) प्रमाण टोपॉलॉजी, म्हणजे तेथील कोणते संच ‘विवृत’ मानायचे याची रूढ व्याख्या, शिकलो. तिची व्याख्या इतकी उलगडून सांगितलेली मी यापूर्वी ऐकली नव्हती. सरांनी फळ्यावर तुटक रेषेने वर्तुळ काढले, आतल्या बाजूस कडेला अगदी खेटून एक बिंदू दिला आणि त्याभोवती आत मावेल असे वर्तुळ काढायला मला बोलावले. कडेपर्यंतच्या अंतराच्या निम्मी त्रिज्या घेताच ते मावले. ज्या संचातील प्रत्येक बिंदूभोवती असा एखादा विवृत गोल (कड वगळलेला गोल) संपूर्णपणे त्या संचातच मावतो तो विवृत संच, हे त्यानंतर पाठ करावे लागले नाही. गोलांऐवजी विवृत चौकटी घेतल्या तरी तीच टोपॉलॉजी मिळते, हेही त्यांनी एकात दुसरे बसवून दाखवले.

विवृत संचांचा छेद (त्या सर्वांतील सामाईक भाग) सांत, म्हणजे मर्यादित, संख्येपुरताच का हमखास विवृत राहतो, यासाठी त्यांनी न = १, २, ३… घेऊन उणे १/न ते १/न ही विवृत अंतराले घेतली. सर्वांच्या छेदात केवळ शून्य उरते, आणि तो एकबिंदू संच विवृत नसतो. या उदाहरणासाठीच मी हा वर्ग सुचवेन.

टिपणांच्या झेरॉक्स प्रती मात्र फार पुसट असतात, पादांक वाचताच येत नाहीत. शुल्कात त्यांचेही पैसे घेतले जातात, तेव्हा त्या नीट छापून द्यायला हव्यात.